चुंबक बलवान, चित्र मात्र बिघडलेले!

खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाची एम.आर.आय. तपासणी केली, की धातूच्या सांध्याभोवती एक काळा डाग दिसतो आणि त्याच्या कडेला पांढऱ्या रेघा. डाग प्रत्यक्ष सांध्यापेक्षा बराच मोठा असतो. नेमके जे हाड आणि स्नायू डॉक्टरांना पाहायचे असतात, तेच त्यात झाकले जातात. अधिक बलवान चुंबकाचे यंत्र वापरले, तर चित्र सुधारेल का? उत्तर आहे, नाही. उलट ते बिघडेल. असे का, ते पाहू.

आपल्या शरीरातील पाण्यात व चरबीत हायड्रोजन असतो. त्याची केंद्रके, म्हणजे प्रोटॉन, चुंबकीय क्षेत्रात ठराविक वारंवारितेच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. क्षेत्र १.५ टेस्ला असेल तर ही वारंवारिता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ, ३ टेस्ला असेल तर १२८. आता मुख्य क्षेत्राच्या जोडीला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने वाढत जाणारे लहानसे क्षेत्र लावले, तर प्रत्येक जागेची वारंवारिता वेगळी होईल. वारंवारिता हाच त्या जागेचा पत्ता! पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली मांडलेली ही कल्पना.

धातू नेमका हा पत्ता चुकवतो. होकायंत्राजवळ खिळा नेला की सुई ढळते, हे आपण वर्गात दाखवतोच. शरीरातला धातूही मोठ्या क्षेत्रात थोडा चुंबकित होतो. टायटॅनियम कमी, स्टेनलेस स्टील त्याच्या कितीतरी पट. मुख्य क्षेत्र दुप्पट केले, की ही गडबडही दुप्पट होते.

एक सोपे गणित करू. समजा, धातूजवळ क्षेत्र दहा लाखांत १० भागांनी वाढले. १.५ टेस्लाच्या यंत्रात ही वाढ १५ मायक्रोटेस्ला. पत्ता देणारे क्षेत्र दर मिलिमीटरला १० मायक्रोटेस्लाने वाढत असेल, तर तिथला संकेत चित्रात १.५ मिलिमीटर सरकेल. ३ टेस्लाच्या यंत्रात तो ३ मिलिमीटर सरकेल. संकेत जिथून निघून जातात तिथे काळे, जिथे गर्दी करतात तिथे पांढरे.

पत्ता देणाऱ्या क्षेत्राचा चढ वाढवला तर हे सरकणे कमी होते. पण चित्रात खरखर वाढते. म्हणून धातूचा सांधा असेल तर बहुधा ३ ऐवजी १.५ टेस्लाचे यंत्र पसंत करतात.

विद्यार्थ्यांना विचारून पाहा: ०.५५ टेस्लाच्या यंत्रात संकेत किती सरकेल?