पेटीतला हिशेब

पुण्याजवळच्या निगडीत लाउडस्पीकर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मिरवणुकीतली डीजेची भिंत उभी राहते. परंतु दिवाणखान्यात ठेवण्याजोगा, गायकाने घेतलेला श्वासही ऐकू देणारा स्पीकर घडवणे हा अगदी निराळा उद्योग आहे. पुण्याच्या केडन्स कंपनीने, विद्युतभाराने कंप पावणारा पातळ पडदा आणि खर्जासाठीचा नेहमीचा वूफर एकत्र बसवून केलेले स्पीकर परदेशांतही पोचवले, ते याच वाटेने.

स्पीकरमध्ये प्रत्यक्ष आवाज निर्माण करणाऱ्या भागाला ड्रायव्हर म्हणतात. चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या तारेचे वेटोळे, म्हणजे व्हॉइस कॉइल, असते आणि तिच्यातून वाहणारा प्रवाह बदलला की तिला चिकटवलेला शंकू पुढेमागे हलून हवा ढकलतो. राइस आणि केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडलेली ही रचना मूलतः आजही तीच आहे. लहान उत्पादक ड्रायव्हर सहसा स्वतः बनवत नाही, कारण शंकूचे साचे आणि चुंबकाचे सुटे भाग यांचा खर्च हजारो नगांवर वाटला गेला तरच परवडतो. त्यातून निओडिमियम चुंबकांसाठी जग चीनवर अवलंबून आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथून निर्यातीवर निर्बंध आल्यावर चाकणच्या वाहनउद्योगाला लागलेली चिंता ध्वनिउद्योगालाही चुकली नाही.

लहान उत्पादकाचे खरे काम ड्रायव्हरच्या भोवती आहे. पेटी ही निव्वळ शोभेची चौकट नव्हे. आत कोंडलेली हवा स्प्रिंगप्रमाणे शंकूला मागे रेटते आणि त्यामुळे खर्जाची मर्यादा ठरते. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ड्रायव्हरचे गुणधर्म मोजक्या आकड्यांत बसवले, तेव्हापासून पेटीचा आकार अंदाजाऐवजी गणिताने काढता येतो. मोकळ्या हवेत ४० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांना, अनुनाद देणारा एखादा मध्यम आकाराचा वूफर १४ लिटरच्या बंद पेटीत बसवला, तर तोच अनुनाद ७० हर्ट्झच्या आसपास चढतो; पेटी मोठी केली तर खर्ज खोल जातो, पण घरात जागा अडते. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वीजशक्तीत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, आणि त्या मिळतात असे सांगणारी जाहिरात सावधपणे वाचावी.

गणित झाले की निगडीभोवतीच्या औद्योगिक पट्ट्याचा उपयोग सुरू होतो. भोसरी, तळवडे आणि चाकण येथील लहान वर्कशॉप मोटारींच्या सुट्या भागांसाठी जॉबवर्क करतात, आणि लेझर कटिंग, पावडर कोटिंग किंवा रंगकाम यांची सवय असलेल्या हातांना स्पीकरची चौकट किंवा जाळी अवघड नसते. अडचण येते ती दोनचार जोड्यांची ऑर्डर घ्यायला कोणी तयार होण्याची. पेटीसाठी बहुधा १८ मिलिमीटरचे एमडीएफ वापरतात, पण मावळाच्या वेशीवरच्या या भागात पावसाळ्यात त्याच्या उघड्या कडा ओल शोषून फुगतात, म्हणून कडा आधी सील करणे अनिवार्य ठरते.

वूफर आणि ट्वीटर यांच्यात जाड आणि बारीक स्वर वाटून देणाऱ्या मंडलाला क्रॉसओव्हर म्हणतात. मोठ्या आवाजात व्हॉइस कॉइलचे तापमान १०० अंशांनी वाढले तर तांब्याचा रोध सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो, आवाज दबतो आणि नेमकी आखलेली वाटणीही थोडी सरकते, हे कागदावर सहज विसरले जाते.

म्हणून मोजणीला पर्याय नाही. प्रतिध्वनीरहित खोली लहान उत्पादकाला परवडत नाही, तेव्हा गच्चीवर स्पीकर आणि मायक्रोफोन दोन मीटर उंचीवर, एकमेकांपासून एक मीटर अंतरावर ठेवतात. जमिनीवरून परतणारा आवाज सुमारे ९ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि तेवढ्यापुरतेच ध्वनिमुद्रण राखले तर ११० हर्ट्झच्या वरचा आलेख विश्वासार्ह मिळतो. त्याखालचा भाग मायक्रोफोन शंकूला जवळजवळ टेकवून मोजावा लागतो. जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या कडेला वसलेल्या निगडीत या मोजणीसाठी पहाटेची वेळ गाठावी लागते.