आधी घराला विचारा, मग यंत्राला!

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने काढली त्याने घर बांधले असेल, पण ते सजवण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नसावा. नाहीतर म्हणीला तिसरे शेपूट जोडल्याशिवाय तो राहिला नसता. भिंत सरळ आहे की नाही हे गवंडी ओळंबा लावून दाखवू शकतो. पडद्याचा रंग कोणता, कपाट कोणत्या भिंतीला, सोफा घ्यावा की जुना दिवाणच ठेवावा, या प्रश्नांना मात्र ओळंबा लागत नाही. दिवाळीच्या तोंडावर रंगांची पुस्तके उघडली जातात, सुताराला निरोप जातो आणि दोन दिवसांत घरातल्या पाच माणसांची सहा मते बाहेर पडतात.

या मतांत आता सातव्याची भर पडली आहे. खोलीचा फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रापुढे ठेवावा, की क्षणार्धात तीच खोली नव्या रंगात, नव्या सामानासह सजून समोर येते. चित्र मोठे देखणे असते! फक्त त्या खोलीत पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे नसतात, वर्षाच्या गव्हाची कोठी नसते आणि दाराशी टेकवून ठेवलेली आजोबांची काठीही नसते.

परंतु या लेखाचा विषय ती चित्रे नव्हेत. या बुद्धिमत्तेचे दुसरे एक काम आहे. ते डोळ्यांत भरत नाही, पण आपल्या घरावर परिणाम मात्र अधिक करते. फर्निचर, रंग आणि स्वयंपाकघराची कपाटे तयार करणारे लोक घरोघरच्या अडचणी जाणून घेण्यासाठी पाहणी करतात. या पाहणीत आता यंत्राची मदत घेतली जाऊ लागली आहे. उद्या बाजारात येणारे कपाट किती उंच, किती खोल आणि कोणाच्या हाताला लागेल असे, हे अशा पाहण्यांवर ठरत असते. तेव्हा आपली अडचण नेमकी कोणाला विचारली जाते, हे आपण समजून घेतलेले बरे.

फ्रांकफुर्टचे स्वयंपाकघर

घरातल्या गैरसोयींचा शास्त्रशुद्ध अभ्यास करण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१२ साली अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक या बाईंनी ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकात एक लेखमाला लिहिली. कारखान्यात कामगाराच्या हालचाली मोजतात, तशा स्वयंपाकघरात बाईच्या का मोजू नयेत, असा त्यांचा सवाल होता. चूल एका टोकाला आणि भांड्यांचे फडताळ दुसऱ्या टोकाला असले, तर बाईची दिवसभर फुकट पायपीट होते, हे त्यांनी दाखवून दिले.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची मोठी टंचाई झाली. तेव्हा फ्रांकफुर्ट शहराने कामकरी कुटुंबांसाठी नव्या वसाहती उभारल्या आणि १९२६ साली मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या तरुण वास्तुशिल्पी बाईंनी त्यांच्यासाठी एक स्वयंपाकघर आखले. रुंदी सुमारे १.९ मीटर, लांबी सुमारे ३.४ मीटर. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यातली चिमुकली मुदपाकखाना त्यांनी नजरेसमोर ठेवली होती. प्रत्येक वस्तू हाताच्या अंतरावर, पिठासाखरेला ॲल्युमिनियमचे खण आणि प्रत्येक खणावर नाव! अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली. आजच्या बांधीव स्वयंपाकघराची ही आजीच म्हणायची.

पण राहायला आलेल्या कुटुंबांच्या तक्रारी सुरू झाल्या. आत एकच माणूस मावे. आई आणि मुलगी दोघी मिळून काम करू म्हणतील तर कोपराला कोपर लागे. स्वयंपाकघरातच जेवायची जुनी सवय, ती मोडली. पिठासाखरेचे खण नेमके लहान मुलांच्या हाताला लागत. पुढे वार्धक्यात बाईंनी मोकळेपणाने सांगितले, की हे स्वयंपाकघर आखण्यापूर्वी आपण कधी संसार केला नव्हता, स्वयंपाकही केला नव्हता. मोजमाप चोख होते. उणे होते ते माणसांच्या सवयींचे ज्ञान.

हजार घरांचे उंबरठे

आता आपल्या देशातले एक अलीकडचे उदाहरण. ‘आयकिया’ या स्वीडनमध्ये जन्मलेल्या कंपनीने ९ ऑगस्ट २०१८ रोजी हैदराबादला भारतातले आपले पहिले दुकान उघडले. नवी मुंबईचे दुकान डिसेंबर २०२० मध्ये आले. हैदराबादचे दार उघडण्यापूर्वी कंपनीची माणसे भारतातल्या सुमारे हजार घरांत जाऊन आली होती. आपल्याकडच्या बायकांची सरासरी उंची युरोपातल्या बायकांपेक्षा कमी, तेव्हा काही कपाटे आणि ओटे खाली आणले गेले. आपल्याकडे नातेवाईक आगाऊ न कळवता येतात, तेव्हा घडीच्या खुर्च्या आणि स्टुले वाढवली गेली. पाहुण्यांची ही चाल आपल्याला काय नवी? पण स्वीडनमध्ये बसून ती कोणाला कळणार? त्यासाठी उंबरठा ओलांडावाच लागतो.

घरी जाऊन विचारण्यातही एक कसब आहे. “तुम्हाला कसे कपाट हवे?” असे विचारले, तर माणूस जाहिरातीत पाहिलेले कपाट सांगतो. “गेल्या वेळी पाहुणे मुक्कामाला आले, तेव्हा रात्री अंथरुणे कोठून काढली?” असे विचारले, तर तो उठून पलंगाखालची पेटी ओढून दाखवतो, ती ओढण्यासाठी आधी टेबल सरकवतो आणि टेबल सरकवण्यासाठी मुलाला अभ्यासावरून उठवतो. खरी अडचण इथे सापडते. ती सांगितलेली नसते, पाहिलेली असते. म्हणून जाणता पाहणीकार ‘काय हवे’ यापेक्षा ‘गेल्या आठवड्यात काय घडले’ हेच अधिक विचारतो.

यंत्राची खरी करामत

मग यंत्राचा उपयोग कुठे? सांगतो. समजा, चाळीस घरांत तासभर बोलणे झाले. हे चाळीस तासांचे बोलणे ऐकून शब्दशः उतरवायचे, तर एका तासाला चार-पाच तास लागतात. म्हणजे दीडशे-दोनशे तासांची लेखनिकी! त्यानंतर एकसारख्या तक्रारी एकत्र करायच्या. पूर्वी चिठ्ठ्या लिहून भिंतभर चिकटवीत आणि तासन् तास इकडच्या तिकडे करीत. हे उतरवण्याचे आणि निवडण्याचे काम यंत्र फार झपाट्याने करते. साठवणीची जागा, मुलांचा अभ्यास, पावसाळ्यातली ओल, भाड्याच्या घरात खिळा ठोकण्याची बंदी, अशा राशी ते भराभर लावून देते. धान्य निवडायला बसलेल्या दहा बायकांचे काम एका सुपात व्हावे, तसा हा प्रकार आहे.

पण सूप पाखडताना दाणेही उडतात. आपल्या भाषेतला ‘माळा’ हा शब्दच घ्या. सामान टाकायचा तो माळा, इमारतीचा मजला तोही माळा आणि दाराला लावायच्या त्याही माळा! ‘खण’ कपाटाचा असतो आणि चोळीचाही असतो. ‘ओटा’ मुंबईच्या सदनिकेत स्वयंपाकाचा, तर खेड्यात घरापुढे बसायचा. अशा शब्दांवर यंत्राची गल्लत होऊ शकते, आणि चूक असो वा बरोबर, त्याचे उत्तर सारख्याच ठाम सुरात येते.

याहून मोठा धोका शब्दकोशातही सापडणार नाही. साठीच्या गृहिणीला विचारा, “आजी, ओट्याखालचे डबे काढताना त्रास होतो का?” त्या म्हणतील, “छे हो, भागते!” निव्वळ शब्द वाचणारे यंत्र हे उत्तर समाधानाच्या राशीत टाकील. पण ‘भागते’ म्हणताना त्यांचा एक हात कमरेवर गेलेला असतो, हे समोर बसलेल्याला दिसते. मराठी घरात ‘भागते’, ‘चालते’, ‘माझे काय एवढे’ हे समाधानाचे शब्द नव्हेत. पुष्कळदा तीच तक्रार असते, फक्त पदर घेऊन आलेली. घरातली जी माणसे सर्वांत जास्त सोसतात, तीच सर्वांत कमी बोलतात. म्हणून यंत्राने लावलेल्या प्रत्येक राशीतले मूळ वाक्य काढून, ते कोण, कोठे आणि कसे बोलले, हे माणसाने पडताळून पाहिलेच पाहिजे.

नसलेल्या माणसांच्या मुलाखती

काही जण आता याच्याही पुढे गेले आहेत. घरी कशाला जायचे, असे त्यांचे म्हणणे. ‘तू पुण्याची पंचेचाळीस वर्षांची गृहिणी आहेस’ असे यंत्राला सांगावे आणि त्यालाच प्रश्न विचारावेत. उत्तरे मिनिटात मिळतात, चहादेखील द्यावा लागत नाही!

या बाबतीत एक प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,०५२ माणसांच्या यंत्रनिर्मित प्रतिकृती तयार केल्या. हे काम २०२४ साली प्रसिद्ध झाले. एका मोठ्या सामाजिक पाहणीचे प्रश्न या प्रतिकृतींना आणि मूळ माणसांना विचारले. तीच माणसे दोन आठवड्यांनी स्वतःच्या उत्तरांशी जितकी जुळली, त्याच्या ८५ टक्के इतक्या प्रतिकृती त्यांच्याशी जुळल्या. आकडा थक्क करणारा आहे. पण त्यामागची गोष्ट विसरू नये: प्रत्येक प्रतिकृतीसाठी त्या खऱ्याखुऱ्या माणसाशी आधी सुमारे दोन तास बोलणे झाले होते. म्हणजे माणसाला विचारणे टळले नाहीच!

माणसाशी न बोलता, नुसते वय आणि व्यवसाय सांगून काढलेल्या उत्तरांचे काय? राजकीय मतांच्या बाबतीत काही अभ्यासकांनी हे तपासले. त्यांचा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला: यंत्राच्या उत्तरांत खऱ्या माणसांइतका वेगळेपणा उरत नाही. सारी उत्तरे मधल्या वाटेने चालतात. गृहसजावटीत तर वेगळेपणातच सारे आले. कोणाच्या घरी व्हीलचेअर वळवायला जागा हवी, कोणाला देव्हारा पूर्वेलाच हवा, कोणाच्या दोन खोल्यांत शिवणाचे मशीन हेच पोटाचे साधन. सरासरी गृहिणीसाठी केलेले घर कोणत्याच गृहिणीला नीट बसत नाही.

आपल्या घरची पाहणी

हीच पद्धत आपल्या घरीही वापरता येईल. रंगाला आणि लाकडाला हजारो-लाखो रुपये मोजण्यापूर्वी एक आठवडा द्यावा. पहिल्या दिवशी कोणीही उपाय सुचवायचा नाही. फक्त अडचणी टिपायच्या. कोणती वस्तू शोधायला वेळ गेला, काय काढण्यासाठी काय सरकवावे लागले, कोण कोठे अडखळले, हे वहीत तारीख घालून लिहावे. घरातल्या प्रत्येकाशी वेगळे बोलावे. वडीलधाऱ्यांसमोर सून ओट्याची उंची काढणार नाही आणि मोठ्या भावासमोर धाकटा अभ्यासाचे टेबल मागणार नाही. कामाला येणाऱ्या बाईंनाही विचारावे. आपल्या घरातले कोपरे त्यांच्याइतके कोणाला माहीत असतात?

सर्वांच्या संमतीने मग ही टिपणे यंत्राला द्यावीत. नावे गाळावीत आणि तिजोरी, कागदपत्रे किंवा मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो देऊ नयेत. यंत्राला ‘घर कसे सजवू?’ असे न विचारता, ‘या टिपणांत कोणत्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात? प्रत्येकीखाली मूळ वाक्य दे. यात कोणाचे बोलणे सर्वांत कमी आले आहे?’ असे विचारावे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, की यंत्र बाजूला ठेवावे आणि त्या माणसाजवळ जाऊन बसावे.

कदाचित असे दिसून येईल, की नव्या सोफ्याची गरज कोणालाच नाही. गरज आहे ती न्हाणीघरात भिंतीला एका दांडीची, अभ्यासाच्या टेबलावर एका चांगल्या दिव्याची आणि नेहमीचे डबे कमरेच्या उंचीवर आणणाऱ्या दोन फळ्यांची. या सजावटीचे फोटो कोणी काढणार नाही. पण पुढच्या खेपेला ‘त्रास होतो का?’ असे विचारल्यावर आजी “नाही हो!” म्हणतील, आणि तेव्हा त्यांचा हात कमरेवर गेलेला नसेल.