एपस्टीन-बार विषाणू आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणावरच हल्ला चढवते आणि त्यामुळे नजर अंधूक होते, हातपाय बधिर होतात, चालताना तोल जातो. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक जवानांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासात एपस्टीन-बार विषाणूच्या संसर्गानंतर या विकाराचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढलेला आढळला. तपासलेल्या ८०१ रुग्णांपैकी एकच जण संसर्गमुक्त होता. लाळेतून पसरणारा हा विषाणू प्रतिपिंडांशी निगडित असलेल्या बी-पेशींत जन्मभर दडून राहतो आणि त्याच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतील ग्लायलकॅम या प्रथिनाशी इतका मिळताजुळता असतो, की काही रुग्णांची प्रतिपिंडे दोहोंनाही चिकटतात.

तरीही नाशिक असो वा न्यूयॉर्क, बहुतेक प्रौढांना हा संसर्ग होऊन गेलेला असतो आणि विकार मात्र मोजक्यांनाच जडतो, म्हणजे केवळ विषाणू पुरेसा नाही. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्याने १९९० मध्ये पारशी समाजात हा विकार तुलनेने अधिक असल्याचे दाखवले, ते याच संदर्भात लक्षणीय ठरते, कारण त्यातून आनुवंशिकतेकडे बोट जाते. संसर्गाचे वयही गौण नाही: बालपणी तो बहुधा नकळत सरतो, पौगंडावस्थेत मात्र ग्रंथीज्वर घडवू शकतो, आणि हा ज्वर येऊन गेलेल्यांत विकाराचा धोका अधिक आढळतो.