तळघराला श्वास मिळाला!

जुन्या वाड्याचे तळघर म्हणजे घराचे पोट! पुण्यात नदीकाठच्या पेठेतील आमच्या वाड्याचे पोट १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात गाळाने भरले. पुढे भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला आणि ओल, पोपडे नि कुबट वास तेथे बिऱ्हाड करून राहिले. यंदा धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, तळघर सुधारत नसेल, तर वाडा बिल्डरला देऊन मोकळे होऊ.” मी आठ रविवार मागून घेतले.

दुखणे कशात होते? दगडी भिंत चुन्यात बांधलेली. जमिनीतली ओल भिंतीत चढते, चुना ती हवेत सोडून देतो. सिमेंटने ही वाटच बुजते. मग पाणी आत कोंडते आणि क्षार फुगून गिलावा सोलून काढतात.

पुतण्यांनी छिन्नी-हातोड्याने सिमेंट उतरवले. भावजयीने बुजलेले झरोके मोकळे केले. आत्या जिन्यावर बसून मुकादम झाल्या! कळीचा चुना पिंपात रटरटू लागताच त्यांनी मुलांना दरडावून मागे सारले. चुना, वाळू, विटांची सुरखी. थर मात्र पातळ. “घाई नको रे, चुना मुरू दे,” हा त्यांचा धोशा. खरेच आहे, चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेत सावकाश पुन्हा दगड होतो.

भिंत पुरती वाळायला अजून एक उन्हाळा हवा. पण वास गेला. भावाने बिल्डरचे नाव काढले नाही. आपली पुस्तकांची ट्रंक तेवढी त्याने खाली आणली आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवली.