मत देणे आणि मत मांडणे

मराठी भाषेने एका बाबतीत मोठी काटकसर केली आहे. मनात उठणारा विचार आणि मतपेटीत पडणारी चिठ्ठी ह्या दोहोंना तिने 'मत' हा एकच शब्द दिला. त्यामुळे "माझे मत असे आहे" म्हणणारा आणि "मी मत दिले" म्हणणारा हे दोघे एकच काम करीत आहेत, असा भास होतो. वस्तुतः दोहोंत पुष्कळ अंतर आहे. पहिले काम दररोज घडते व त्यास दमडी लागत नाही. दुसरे पाच वर्षांतून एकदा घडते आणि त्याची किंमत पुढील पाच वर्षे मोजावी लागते.

गोव्यातील कोणत्याही खेड्यात रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर जी मंडळी रेंगाळतात त्यांचे बोलणे ज्याने ऐकले असेल, त्यास ठाऊक आहे की तेथे तीन विषयांस मरण नाही : सरकार, फुटबॉल आणि तियात्र. बेळगाव, खानापूर, सावंतवाडीकडील आमच्या कित्येक वाचकांचे नातलग तिकडे आहेत. सणावाराला ते घरी आले म्हणजे हेच तीन विषय बरोबर घेऊन येतात. ह्या बोलण्याला रिकामटेकड्यांची बडबड म्हणून नाक मुरडणारे लोक आहेत. प्रस्तुत लेखकाचा अनुभव निराळा आहे. त्या बडबडीत पुष्कळ शहाणपण असते. मात्र ते तिन्ही विषयांत सारखे वाटलेले नसते, आणि ते का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

फुटबॉलचेच पाहा. गोव्यात हा खेळ १८८३ साली आला असे सांगतात. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे एक धर्मगुरू प्रकृतीला उतार पडावा म्हणून शिवोलीस येऊन राहिले, तेथे त्यांनी शाळा काढली आणि मुलांच्या शिक्षणात चेंडूलाही जागा दिली. पुढे पाद्र्यांनी आणि पाद्री होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांनी तो खेळ गावोगाव नेला. भात कापून झाले की रिकामी शेते मैदाने होत. दोन बांबू उभे केले की झाला गोल. अशा शेतांत अनवाणी खेळलेली पिढ्यान्‌पिढ्यांची माणसे त्या पायऱ्यांवर बसलेली असतात. एखादा खेळाडू ऑफसाइड होता की नव्हता ह्यावर ती हमरीतुमरीवर येतील, परंतु ऑफसाइड म्हणजे काय ह्याविषयी त्यांच्यात वाद नसतो. तो नियम दहा वर्षांच्या पोरालाही पाठ असतो.

म्हणूनच ह्या प्रेक्षकांची पारख सहसा चुकली नाही. ताळगावचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर ह्यांची योग्यता गावाला केव्हाच कळली होती. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळावयास १९९७ साल उजाडले. त्यांच्याच नायकत्वाखाली गोव्याने १९८३-८४ च्या हंगामात मद्रासला संतोष करंडक जिंकला. पुढे धेंपो, साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स ह्या क्लबांनी तर कमाल केली : २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात वर्षे देशातील प्रमुख लीगचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. इवल्याशा प्रदेशाने कलकत्त्यासारख्या महानगरीला सात वर्षे मागे ठेवावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. बक्षीस क्लबांना मिळाले. परंतु त्यामागे बांधावर उभे राहून चुकीला चूक म्हणणारे जाणते लोक होते, हे विसरून चालणार नाही.

आता सरकारचा विषय घ्या. तेच लोक, तीच पायरी. पण येथे बोलणे एकदम सैल होते. "सगळे चोर आहेत", "आपल्या हातात काय आहे?" ह्यापलीकडे ते फारसे जात नाही. चेंडू कोणी कोणाकडे दिला हे ज्याला पाच वर्षांनंतरही आठवते, त्यालाच आपल्या आमदाराने विधानसभेत कोणत्या प्रश्नावर कोणत्या बाजूने हात वर केला हे सांगता येत नाही. बुद्धी तीच असून हा फरक पडतो, कारण एका खेळाचे नियम त्यास ठाऊक आहेत आणि दुसऱ्याचे नाहीत.

ह्या दोहोंच्या मध्ये तियात्र उभा आहे. पहिला तियात्र गोव्यात नव्हे, मुंबईत झाला. १७ एप्रिल १८९२, ईस्टरचा रविवार. न्यू आल्फ्रेड नाट्यगृहात लुकासिन रिबेरो ह्यांनी 'इटालियन भुर्गो' हा खेळ लावला. घरापासून दूर, कूडांत राहून आगबोटींवर व बंगल्यांत चाकरी करणाऱ्या गोमंतकीयांनी तो डोक्यावर घेतला. मागाहून जुआंव आगुस्तिन फर्नांडिस ह्यांनी त्याला असे रूप दिले की लोक त्यांना तियात्राचा बाप म्हणू लागले. (त्यांच्या पत्नी रेजिना १९०४ साली रंगभूमीवर उतरल्या, तेव्हा पुष्कळांच्या भुवया उंचावल्या असतील, आमच्या मराठी नाटकांत त्या काळी स्त्रियांची कामे पुरुषच करीत होते, एवढे ध्यानात ठेवावे.) तियात्राची खरी ओळख म्हणजे दोन प्रवेशांमध्ये म्हटली जाणारी कांतारे. कथेशी त्यांचा संबंध नसतो. महागाई, दारू, सुनेचा छळ, आणि सर्वांत जास्त टाळ्या घेणारे सरकार ! कालच्या वर्तमानपत्रातील बातमी आज रात्री चालीवर बसून येते. पोर्तुगीज अमदानीत लेखणीवर सेन्सॉरची कात्री होती. तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना उघड्या रंगमंचावर मंत्र्याचे नाव घेऊन केलेली थट्टा ऐकणे केवढे नवल वाटले असेल!

कांतार ऐकून घरी परतणारा मनुष्य हसत असतो आणि दुसऱ्या दिवशी पायरीवर तेच कडवे आपले मत म्हणून सांगतो. ह्यात वावगे काही नाही. गावाचा राग कोणीतरी नीट शब्दांत मांडावाच लागतो. कमीपणा इतकाच की हसण्याने राग निघून जातो आणि प्रश्न जागेवर राहतो. चांगला कांतारिस्त बातमीच्या मुळाशी जातो, आकडा सांगतो, कोणी काय वचन दिले होते ते आठवण करून देतो. सामान्य कांतारिस्त "सगळे चोर" हेच वाक्य यमकात बसवितो. तिकिटाचे पैसे दोघांनाही तेवढेच पडतात.

तथापि एकदा असे घडले की मत मांडणे आणि मत देणे ह्यांतील अंतर जवळजवळ नाहीसे झाले. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. प्रश्न एकच : गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा? विलीनीकरणासाठी फूल, वेगळेपणासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. कौल निःपक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर ह्यांचे मंत्रिमंडळ डिसेंबर १९६६ मध्ये पायउतार झाले होते. विरोधात डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता. आमच्या मराठी वाचकांनी ध्यानात घ्यावे असे की दोन्ही बाजूंची वर्तमानपत्रे मराठीत लढली. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, तर 'राष्ट्रमत' विरुद्ध. 'राष्ट्रमता'तील उदय भेंब्रे ह्यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लोक एकमेकांना वाचून दाखवीत, आणि उल्हास बुयांव ह्यांची गाणी गावोगाव गायिली जात. करमणूक, वर्तमानपत्र आणि चर्चच्या पायरीवरचा वाद ही सर्व एकाच प्रश्नावर येऊन ठेपली. प्रश्न स्पष्ट, उत्तरे दोनच, आणि नियम सर्वांस समजलेला. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. ३४,०२१ मतांनी निकाल लागला.

आजही पायरीवर कोणीतरी म्हणते की मग त्याच लोकांनी मार्चमध्ये पुन्हा बांदोडकरांचाच पक्ष निवडून दिला, तेव्हा लोकांच्या मतात अर्थ तो काय? त्या वर्षी २८ मार्चच्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी १६ जागा मिळाल्या हे खरे. परंतु जानेवारीत सारा गोवा एक मतदारसंघ होता आणि उत्तरे दोनच होती. मार्चमध्ये प्रत्येक मतदारसंघ वेगळा मोजला गेला आणि मते अनेक उमेदवारांत विभागली. शिवाय एका निवडणुकीत शाळा, रस्ते, कुळांची जमीन असे पन्नास प्रश्न असतात. लोकांनी तोंड फिरविले असे त्या दोन निकालांवरून सिद्ध होत नाही. दोन सामने वेगवेगळ्या नियमांनी खेळले गेले, इतकेच.

अलीकडे मात्र फुटबॉलच्याही गोष्टी मैदानावरून उठून दिवाणखान्यात जाऊ लागल्या आहेत. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, एफसी गोवा हा नवा संघ उभा राहिला आणि फातोर्डाच्या मैदानात रोषणाई झाली. दोनच वर्षांत, २०१६ साली, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे जुने क्लब जुन्या आय-लीगमधून बाहेर पडले. नव्या रचनेत आपल्याला दुय्यम जागा मिळणार हे त्यांना मान्य नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्ये बाहेरच्यांच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन जागतिक संघटनेने भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केले. ती बंदी ११ दिवसांनी उठली. एप्रिल २०२५ मध्ये चर्चिल ब्रदर्स आय-लीगचे विजेते म्हणून जाहीर झाले. जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवादाने ते विजेतेपद इंटर काशीला दिले. त्याच जुलैत सुपर लीगचा पुढील हंगाम करारनाम्याच्या वादाने थांबविण्यात आला. मग ऑक्टोबरात सौदी अरेबियाचा अल-नस्र संघ फातोर्ड्यास खेळावयास आला, पण ज्यासाठी लोक आतुर झाले होते तो रोनाल्डो आलाच नाही. गोव्याचा संघ २-१ असा हरला. झुंज मात्र चांगली दिली.

ह्या सर्व घटनांवर पायरीवर जी मते ऐकू येतात, ती सरकारविषयीच्या मतांसारखीच असतात. "सगळे पैशाचे खेळ !" करार कोणाचा, मुदत केव्हा संपणार होती, लवादाने कोणत्या खेळाडूच्या नोंदणीवर निकाल दिला, हे कोणी विचारीत नाही. ज्या माणसांना ऑफसाइडचा नियम पाठ, तीच येथे अडखळतात.

आणि सरकारचे नियम तरी तितके अवघड आहेत का? पक्षांतर रोखण्यासाठी १९८५ साली राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडण्यात आली. पक्ष सोडणाऱ्या सभासदाचे सभासदत्व जाते, असा तिचा मूळ नियम. परंतु त्यात एक पळवाट ठेवली गेली : एकतृतीयांश सभासद एकत्र फुटले तर ते पक्षांतर नव्हे. गोव्यात १९९० साली सात सभासद असेच बाहेर पडले, सरकार कोसळले आणि चर्चिल आलेमाव ह्यांना १८ दिवसांचे मुख्यमंत्रिपद मिळाले. फुटबॉल क्लब ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच हे. २००३ साली ही पळवाट बुजविण्यात आली. पण दोनतृतीयांश सभासदांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट मोकळीच राहिली. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० सभासदांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. पंधराचे दोनतृतीयांश बरोबर दहा !

तो अनुभव ताजा असल्यामुळे २२ जानेवारी २०२२ रोजी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यावयास लाविले. निवडणुकीत ११ जण निवडून आले. १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांतील ८ जण भारतीय जनता पक्षात गेले. आपण पुन्हा देवळात जाऊन देवाला विचारले, असे एका ज्येष्ठ सभासदाने पत्रकारांना सांगितले. ह्या विधानावर गोव्यात जितका विनोद झाला तितका विचार झाला नाही.

त्या सुमारास एका वृद्ध माउलीने मला विचारले, "फादर, खुरसापुढची शपथ मोडली, मग सरकारने त्यांना काहीच कसे केले नाही?" उत्तर हिशेबाचे आहे. अकराचे दोनतृतीयांश म्हणजे सातहून थोडे अधिक. सात जण गेले असते तर त्यांच्या जागा धोक्यात आल्या असत्या. आठ जण गेले म्हणून ते विलीनीकरण ठरले. कायद्याने त्यांना घोळका म्हणून मोजले. बांबोळीच्या क्रुसापुढे मात्र त्यांनी घोळक्याने शपथ घेतली तरी प्रत्येकाची जीभ वेगळी होती, आणि देवाचे नाव व्यर्थ न घेण्याची दुसरी आज्ञा दोनतृतीयांशांना सूट देत नाही.

म्हातारी क्षणभर बोटांवर मोजत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आठवा गेला नसता, तर उरलेले सातही गेले नसते." हा हिशेब तिने कोणत्याही कांतारात ऐकलेला नव्हता. आपल्या गावाचा सभासद त्या आठांत कितवा होता, हे तिने मला पुढच्या रविवारी विचारले.