नटांचा क्लब, गावाची अमानत

वेल्समधल्या रेक्सहॅम गावचा फुटबॉल क्लब 1864 सालचा. 2008 मध्ये तो पाचव्या स्तरावर घसरला. 2011 मध्ये क्लब बुडायची वेळ आली, तेव्हा चाहत्यांनीच पैसे गोळा करून तो वाचवला आणि पुढे स्वतः चालवला.

2021 मध्ये रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेलहेनी या नटांनी तो घेतला, तोही चाहत्यांच्या मतदानानंतर. 98 टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली. मग क्लबवर टीव्ही मालिका निघाली, मोठे प्रायोजक आले, आणि 2023, 2024, 2025 अशी सलग तीन वर्षं क्लब वरच्या स्तरावर चढला.

मग काळजी कसली? जितकं वर जावं तितके खेळाडूंचे पगार वाढतात. कमाई मालिकेच्या जोरावर असेल, तर कॅमेरा बंद झाल्यावर हे पगार कुठून द्यायचे? म्हणूनच 2024 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅलिन कुटुंबाला हिस्सा देणं आणि मैदानात नवा स्टँड बांधायला घेणं महत्त्वाचं आहे. भरलेल्या स्टँडची तिकीटविक्री दरवर्षी होत राहते, प्रसिद्धीचं तसं नसतं.

नट उद्या जातीलही. गाव तिथेच राहणार आहे. मालकाने क्लबकडे अमानत म्हणून पाहिलं, तरच तो टिकेल.