झोपेचा खर्च

फ्रान्समधील ‘गाझपार’ हा गॅसमीटर दिवसातून दोनदा, सेकंदभरही न घेता, आपला आकडा १६९ मेगाहर्ट्‌झच्या रेडिओलहरींनी कळवतो. त्याला विजेची तार नसते; असतो तो विद्युतघट. तो वर्षानुवर्षे कसा पुरतो?

समजा, घटाची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास आहे आणि प्रक्षेपणास २० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. प्रक्षेपण अखंड चालले, तर घट १०० तासांत संपेल! रोज दोनच सेकंद चालले, तर वर्षाला जेमतेम ४ मिलिअँपिअर-तास खर्च होतील. एरवी उपकरण ‘झोपते’. पण झोपेतही ०.०१ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो असे धरू. वर्षाच्या ८,७६० तासांत हा खर्च ८८ भरतो! एकूण ९२, म्हणजे, घटाची आपोआप होणारी झीज सोडल्यास, सुमारे २२ वर्षे. झोपेतला प्रवाह दुप्पट झाला तर? गणित तुम्हीच करून पाहा.